खंडोबा, म्हाळसा, बाणाई आणि आपलं मूळ ठाणं: कुळाचारावरून गाव कसं शोधायचं?

कऱ्हाकाठ

कुलदैवत विचारलं की ‘जेजुरीचा खंडोबा’ हे उत्तर पटकन येतं. जेजुरी हे सगळ्यात नावाजलेलं ठाणं आहे, पण एकमेव नाही. कराड तालुक्यातलं पाल, तुळजापूर तालुक्यातलं अणदूर-नळदुर्ग, लोहा तालुक्यातलं माळेगाव, बेळगाव जिल्ह्यातलं मंगसुळी, खेड तालुक्यातलं निमगाव दावडी, कर्जत तालुक्यातलं शेगूड, मालेगाव तालुक्यातली चंदनपुरी, छत्रपती संभाजीनगरला लागून असलेलं सातारा गाव... यादी लांबेल. घर गावातून उठलं, दोन पिढ्या शहरात गेल्या, की मोठी आणि सोयीची म्हणून जेजुरी धरली जाते. मग मूळ ठाणं सुटतं आणि त्याच्या मागोमाग मूळ गावही विस्मरणात जातं.

या देवाची गोष्टच दोन मुलखांची आहे. म्हाळसा ही प्रवरेकाठच्या नेवाशाच्या तिम्मशेट वाण्याची लेक. तिचं देवाशी लग्न लागलं ते पालला, पौषात. बाणाई धनगराची, माळावरची, आणि तिचं गाव म्हणून गिरणाकाठची चंदनपुरी दाखवतात. सारीपाटात म्हाळसेकडून हरलेला देव बारा वर्षांचा वनवास पत्करतो, म्हाताऱ्या गड्याचं रूप घेऊन बाणाईच्या वाड्यावर मेंढरं राखायला राहतो. मेंढरं धुवायला नेतो, मारून टाकतो, आणि बाणाई द्यायचं कबूल करून घेतल्यावरच जिवंत करतो. जेजुरीत म्हाळसा देवाशेजारी गाभाऱ्यात आहे, बाणाईचं देऊळ गडाच्या वाटेत अर्ध्यावर. दोघींचं भांडण आजही जागरणात, म्हणजे खंडोबाच्या रात्रभराच्या गाण्यात, गायलं जातं.

माझं म्हणणं असं की घरातला कुळाचार नीट तपासला तर घर कोणत्या पट्ट्यातून आलं याचा माग लागतो. त्यासाठी आधी या गोष्टी घरातल्या सगळ्यात थोरल्या बाईला विचाराव्यात. कुळाचार चालवतात बायका, त्यामुळे तपशीलही त्यांच्याकडेच असतो.

१. तळी (ताम्हणात भंडारा-खोबरं ठेवून उचलण्याचा विधी) वर्षातून कधी भरतात? फक्त चंपाषष्ठीला, की माघी पौर्णिमेला, सोमवती अमावास्येला, पौषातही?
२. देवघरात खंडोबाचा टाक आहे का, आणि त्यावर नेमकं काय उठवलेलं आहे?
३. नैवेद्य फक्त पुरणाचा, की भरीत-रोडग्याचाही? बकऱ्याचा मान आहे का, आणि तो कोणाच्या नावाने?
४. पहिलं जावळ कुठे काढतात? लग्नानंतर नवरा-नवरीला कुठे नेतात?
५. जागरणाला वाघ्या, म्हणजे खंडोबाची गाणी गाणारा भक्त, कोणत्या गावचा बोलावतात?

पाचवा प्रश्न लोक विसरतात. घर शहरात आलं तरी जागरणाचा वाघ्या पुष्कळदा जुन्या पट्ट्यातूनच बोलावलेला असतो.

जाणकारांनी आपापल्या भागाचा तपशील लिहावा.

टाकघडणी

दुसऱ्या प्रश्नावर लिहितो. टाक म्हणजे ठशावर उठवलेला चांदीचा पातळ पत्रा, मागे बहुधा तांब्याचा पत्रा. खंडोबाच्या टाकावर घोड्यावर देव, मागे किंवा शेजारी म्हाळसा, पायाशी कुत्रा, घोड्याच्या टापांखाली दैत्य, एवढं साधारण सगळीकडे असतं. बघायचं ते यापलीकडचं. बाणाई कोरलेली आहे का, का तिचा वेगळा टाक आहे? सोबत दुसरे कोणते टाक आहेत? खंडोबाशेजारी तुळजाभवानी, जोतिबा, म्हसोबा, भैरोबा, वीर यांपैकी कोण आहे, यावरून जास्त कळतं. खंडोबा सगळीकडे आहे, पण जोतिबाचा टाक सोबत असला तर घराची मुळं कोल्हापूर-सातारा-सांगली बाजूला शोधायला हरकत नाही. विशिष्ट गावच्या वीराचा किंवा भैरोबाचा टाक सापडला तर शोध तालुक्यापर्यंत येतो.

आता बिघडतं कुठे. टाक चिंच, लिंबू किंवा रांगोळी-राखेने घासून घासून चेहरे सपाट होतात. आंबट पदार्थ सांध्यात शिरून तांब्यावर हिरवं चढतं आणि पत्रा सुटतो. कोमट पाणी, मऊ सुती कापड आणि अगदी हलक्या हाताने रिठ्याचं पाणी एवढं पुरतं. ब्रश वापरू नये. झिजलेला टाक सराफाकडे मोडीत देण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो तिरप्या उजेडात काढून ठेवावेत. समोरून उजेड टाकला की झिजलेली रेघ दिसत नाही. एका बाजूने, पत्र्याला जवळजवळ समांतर उजेड दिला की पुसट झालेला कुत्रासुद्धा दिसतो. नवीन टाक करताना सराफाकडे जो ठसा असेल तोच मिळतो आणि जुन्या ठशातला फरक कायमचा जातो. म्हणून आधी फोटो, मग नवीन टाक. जुना आणि नवा दोन्ही ठाण्यावर देवभेटीला नेण्याची रीत आहे.

माळरान

बाणाईला ‘दुसरी बायको’ म्हणून गोष्ट संपवू नये. धनगरांच्या ओव्यांत सगळा जीव बाणाईच्या वाड्यावर आहे. वाडा म्हणजे घर नव्हे, मेंढरांसह माणसांचा फिरता मुक्काम. कोणतं कुरण, कोणता ओढा, पाणी कुठे, काटवण कुठे घातली, हे ओवीत येतं. देव तिथे चाकर आहे. गडावरचा राजा गड सोडून माळावर येतो आणि माळाच्या कायद्याने राहतो. माण, खटाव, जत, फलटणच्या कोरड्या पट्ट्यातली मेंढपाळ कुटुंबं पावसाळ्यानंतर निघून घाटाखाली किंवा नदीकाठच्या शेतांकडे जातात, शेतकऱ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. फिरत्या माणसाला मूळ ठाणं जास्त लागतं, कारण परतायचं कुठे हे त्यावरच ठरतं.

म्हणून धनगर घरांनी ‘मूळ गाव’ शोधताना सातबाऱ्यापासून सुरुवात केली तर फसगत होते. जमीन खूप नंतर नावावर आली असेल, किंवा आलीच नसेल. आधी पाहायचं ते दसऱ्या-दिवाळीला वाडे कुठे एकत्र येतात, भाकणूक (देवाची भविष्यवाणी) कुठे होते आणि घराण्याच्या वीराचा दगड कुठे आहे. वीराचा दगड म्हणजे पूर्वज. तो जिथे आहे त्या जागेशी घराण्याचं जुनं नातं असतं.

बकऱ्याबद्दल: गडावर खंडोबाला मांसाचा नैवेद्य नाही, पुरणाचा आहे. बकऱ्याचा मान मणी दैत्याचा किंवा बाणाईच्या बाजूचा, आणि तोही गाभाऱ्याबाहेर, खाली. ‘आमच्या देवाला बकरं चालतं’ असं घरात म्हणत असतील तर कोणाच्या नावाने सोडतात ते विचारा. उत्तर बाणाई आलं तर मेंढपाळी पट्ट्याकडे बोट जातं.

गोदातीर

म्हाळसेबद्दल एक खबरदारी, कारण इथे चुकीच्या ठाण्यावर जाऊन पोचलेली घरं असतात.

नेवाशाला मोहिनीराजाचं देऊळ आहे. अमृत वाटणाऱ्या विष्णूचं मोहिनी रूप. म्हाळसेला मोहिनीचा अवतार मानणारी परंपरा तिथूनच आहे, आणि पार्वतीचा अवतार मानणारीही आहे. गोव्यात फोंडा तालुक्यात म्हार्दोळला म्हालसा नारायणी आहे. ती मूळची वेर्ण्याची. पोर्तुगीज अमलात १६व्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा मूर्ती नदीपलीकडे नेली गेली. म्हार्दोळची म्हालसा विष्णूचं मोहिनी रूप म्हणून पूजली जाते आणि मूर्तीला जानवं आहे. तिथे खंडोबा नवरा म्हणून शेजारी नाही.

तेव्हा ज्या घराची कुलदेवता ‘म्हाळसा’ एवढंच माहीत आहे, त्यांनी लगेच जेजुरीची गाडी धरू नये. देवघरात घोडा, भंडारा, तळी यांचा मागमूस नसेल, कुलदैवत मंगेश, नागेश, शांतादुर्गा, लक्ष्मीनारायण यांच्या पंचायतनात येत असेल, तर घर गोव्याकडचं. तळी भरत असतील तर देशावरचं. नाव एकच असलं तरी दोन्हींचा आचार अगदी वेगळा आहे.

गोव्याकडच्या घरांना आणखी एक सोय आहे. देवळाच्या महाजनांची नोंद असते. आडनाव, वांगड (घराण्याचा गट) आणि मूळ गाव सांगितलं तर देवस्थान समितीकडे पडताळता येतं. देव एका गावी आणि घराण्याची मूळ भूमी दुसऱ्या गावी हे तिथे सर्रास आहे: शांतादुर्गा केळशीहून कवळ्याला, मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला. देव जिथे आहे ते आपलं मूळ गाव, असं तिथे गृहीत धरता येत नाही.

तुंगभद्रा

महाराष्ट्राबाहेर पाहिलं की मूळ धाग्यातला मुद्दा आणखी पक्का होतो. कर्नाटकात हाच देव मैलार. तुंगभद्रेजवळच्या मैलार गावी वार्षिक जत्रेत गोरवय्या उंच धनुष्यावर चढून कारणिक सांगतो, म्हणजे एका वाक्याची भविष्यवाणी. देवरगुड्डलाही असंच कारणिक होतं. गोरव हे वाघ्यांचे भाऊबंद, काळी घोंगडी आणि डमरूवाले. तेलंगणात कोमुरवेल्लीचा मल्लन्ना. त्याच्याही दोन बायका: गोल्ल केतम्मा ही पशुपालक घरची, बलिज मेडलम्मा ही लिंगायत व्यापारी घरची. म्हाळसा वाण्याची, बाणाई धनगराची, हीच जोडी तीन भाषांत.

याचा उपयोग असा. सोलापूर, सांगली, कोल्हापूरच्या सीमेवरच्या घरात ‘मैलारलिंग’ किंवा ‘मल्लय्या’ ही नावं आरतीत, गाऱ्हाण्यात येत असतील तर शोध दक्षिणेकडे न्या. या पट्ट्यात हेळवी येतात, वंशावळ सांगणारे. त्यांच्या वह्यांत घराणं कोणत्या गावातून कोणत्या गावी गेलं, कोण दत्तक गेला, कोणाचा वंश खुंटला, हे असतं. हेळवी घरी आले की धान्य-पैसे देऊन लोक फक्त नावं ऐकून घेतात. त्यांच्याकडून स्थलांतराचा क्रम मुद्दाम विचारून लिहून घ्यावा, आणि लागलीच नवीन जन्मलेल्यांची नावं नोंदवावीत.

दप्तरी

कुळाचारावरून पट्टा कळतो. गाव पक्कं करायला कागदच लागतात. क्रम असा ठेवा.

आजोबा-पणजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला. त्यात जन्मगाव असतं. मग त्या तालुक्याच्या तहसील कचेरीतल्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. मग फेरफार, गाव नमुना ६. वारसाचा प्रत्येक फेरफार आधीच्या खातेदाराकडे नेतो, तसं मागे मागे जायचं. ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर बऱ्याच जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ठेवलेले आहेत. तिथे नसेल तर नकलेचा अर्ज करायचा.

सगळ्यात जास्त गोंधळ आडनावावरून होतो. जुन्या नोंदींत पुष्कळदा आडनावच नसतं: ‘राणू बिन खंडू’ एवढंच. आडनाव शोधत बसलात तर हाती काही लागत नाही. स्वतःचं, बापाचं, आज्याचं अशी तीन नावांची साखळी जुळवा. दुसरं, ‘-कर’ लावलेलं आडनाव बहुधा घराने गाव सोडल्यानंतरचं. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने सहसा कोणी हाक मारत नाही. त्यामुळे मूळ गावातल्या दप्तरात ते आडनाव बहुधा मिळणार नाही, तिथे आधीचं आडनाव असू शकतं. तिसरं, स्वातंत्र्याआधीच्या पुष्कळ नोंदी मोडी लिपीत आहेत. फोटो काढताना पान सपाट धरून, पूर्ण ओळ आणि समासासकट काढा. मोडीत शब्द तोडलेले नसतात, अर्धी ओळ दिली तर वाचणारा काही सांगू शकत नाही.

सातबाऱ्यावर ‘शेताचे स्थानिक नाव’ असा रकाना असतो. तो बघाच. खंडोबाचा माळ, बाणाईची पट्टी, वाघ्याचं शेत, गुरवकी अशी नावं त्यात टिकून राहतात. गावात देऊळ पडलं तरी शेताचं नाव राहतं. देवाच्या सेवेसाठी दिलेली जमीन असेल तर ती देवस्थान इनाम वर्ग ३ म्हणून दिसेल. अशी जमीन सहसा विकता येत नाही, त्यामुळे तिच्या नोंदी बऱ्यापैकी सलग मिळतात. तुमचं घराणं तिथे सेवेकरी होतं का, हे त्यातून उलगडतं.

नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळ्या हा आणखी एक मार्ग. घरातलं कोणी अस्थी घेऊन गेलं असेल तर त्याची सही किंवा नाव तिथे असतं. नुसतं आडनाव सांगून चालत नाही. आडनाव, जात, तालुका आणि माहीत असलेलं सगळ्यात जुनं गाव एवढं हवं, कारण कोणत्या उपाध्यायांकडे वही आहे हे गावावरून ठरतं.

देवकावरून गाव सापडेल या आशेवर राहू नका. कळंब, पंचपल्लव, वेळू ही देवकं दूरदूरच्या घराण्यांत सारखी असतात. सोयरीक जुळवताना त्यांचा उपयोग, ठिकाणासाठी नाही.

सातासमुद्रापार

उत्तम धागा. परदेशात तळी कशी भरायची याचा नेमका विधी कोणी लिहील का? साहित्य किती, पुरुष किती, आणि पाचजण जमत नसतील तर काय? शिवाय इथे दिवटी पेटवली की धुराचा भोंगा वाजतो.

दिमडी

तळीचं साहित्य: ताम्हण एक, विड्याची पानं ५, सुपाऱ्या ५, सुक्या खोबऱ्याची वाटी १ (माणसं जास्त असतील तर २), नाणं १, भंडारा साधारण १०० ग्रॅम. खाली पाण्याने भरलेला तांब्या, त्यात आणखी पाच पानं. बसायला घोंगडी असेल तर उत्तम, नसेल तर धूतवस्त्र.

ताम्हणात पानं देठ देवाकडे करून मांडा, वर सुपारी, खोबरं, नाणं, भंडारा. भोवती विषम संख्येने पुरुष बसतात, तीन, पाच, सात. डोक्यावर टोपी, फेटा, काही नसेल तर रुमाल. सगळ्यांनी ताम्हणाला हात लावून ‘सदानंदाचा येळकोट’ म्हणत तीनदा उचलायचं आणि खाली ठेवायचं. ‘येळकोट येळकोट जय मल्हार’. मग ताम्हण तांब्यावर ठेवायचं, भंडारा देवाला वाहून एकमेकांच्या कपाळी लावायचा, पुन्हा तळी उचलून खाली घ्यायची. खोबरं फोडून त्याचे तुकडे भंडाऱ्यात घोळवून वाटायचे. काही घरांत खोबरं उधळतात. पाठभेद असतात, घरचा असेल तो धरा.

पाचजण नसतील तर तिघांत भरा. तिघेही नसतील तर घरातल्या मुलाबायकांनी हात लावावा. ठाण्यावरचे वाघेसुद्धा यावर अडवत नाहीत. जे घर ‘पाच पुरुष मिळत नाहीत’ म्हणून थांबलं त्या घरातला कुळाचार पुढच्या पिढीत बंदच पडतो. अर्ध्या माणसांत का होईना, चालू ठेवा.

दिवटी: सुती कापडाची पट्टी तेलात भिजवून, पिळून, घट्ट गुंडाळायची. ढिली गुंडाळली तर जळतं तेल ठिबकतं, हातावर येतं. बुधलीतून (तेलाच्या लहान भांड्यातून) तेल थोडं थोडं घालायचं, ज्योत मोठी असताना नाही. घरात शक्य नसेल तर समईची एक वात लावून दिवटी नुसती शेजारी ठेवा, किंवा अंगणात पेटवून विझवून आत आणा.

चंपाषष्ठीची तयारी आधीपासून लागते. मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला घट बसतो, षष्ठीला उठतो. चातुर्मासात वांगं, कांदा, लसूण सोडलेली घरं त्या दिवशी वांग्याचं भरीत, बाजरीचा रोडगा आणि पातीचा कांदा नैवेद्याला करून मग खायला सुरुवात करतात. बाजरीचं पीठ दळून महिना झालेलं असेल तर रोडगा कडू लागतो आणि थापताना चिरतो. ताजं पीठ घ्या, गरम पाण्यात मळा.

हळदकुंड

भंडाऱ्याबद्दल लिहायलाच हवं. भंडारा म्हणजे हळद. यात्रेत स्वस्त मिळतो तो बराचसा पीठ आणि रंग असतो. त्याने डोळ्यांची आग होते, अंगाला पुरळ येतं आणि मूर्तीवर, टाकावर न निघणारा थर बसतो.

घरी तपासणी सोपी आहे. ग्लासभर पाण्यात चमचाभर टाका, ढवळू नका. शुद्ध हळद हळूहळू खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. रंग मिसळलेला असेल तर पाणी लगेच गडद पिवळं होतं. आयोडीन टाकून पिठाची भेसळ ओळखा असं सांगतात, त्याचा इथे उपयोग नाही. हळदीतच पिष्ट असतं, शुद्ध हळदही निळी-काळी पडेल.

आणि भंडारा उधळताना जवळ ज्योत नको. कोणतीही बारीक पूड हवेत पसरली आणि ज्योतीला लागली की भपकन पेट घेते, हळद शुद्ध असली तरीही. दिवटीच्या दिशेने, बंद खोलीत, पंख्याखाली उधळू नये. कपड्यावर पडलेला भंडारा आधी कोरडा झटका. ओल्यावर साबण लावला तर डाग लाल होतो. धुऊन उन्हात वाळवला की हळूहळू उतरतो.

नातवंड

नवरा-नवरीने जेजुरीला जाऊन काय करायचं? पाच पायऱ्या उचलून न्यायचं म्हणतात ते सगळीकडे आहे का? आणि ‘देवाशी लग्न लागलेली मुरळी’ म्हणजे नेमकं काय, जागरणाला बोलावणं योग्य आहे का?

दिमडी

नवऱ्याने नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या, ही जेजुरीची रीत. देव-देवीची जोडी म्हणून नवं जोडपं येतं. वर गाभाऱ्यात म्हाळसेचं दर्शन होतंच, पण वाटेत बाणाईच्या देवळाला चुकवू नका. पुष्कळ जोडपी चुकवतात. कडेपठार हे जुनं ठाणं, गडापेक्षा बरंच उंच आणि चढण लांब. तिथे जायचं तर सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर ठेवा. सोमवतीला पालखी कऱ्हेवर स्नानाला जाते, वाटेत धालेवाडीजवळ रंभाई शिंपिणीकडे थांबते. देवाच्या बायका म्हणून लोकपरंपरेत रंभाई शिंपीण, फुलाई माळीण, चंदाई भागवणीण यांचीही नावं येतात, आणि चंदाईला मुसलमान आपली मानतात. प्रत्येक समाजाने आपली लेक देवाला दिली आणि त्या नात्याने गडावर हक्क ठेवला.

जागरण मांडताना पाच उसांचा किंवा ज्वारीच्या ताटांचा मांडव, खाली पाट, त्यावर नवं वस्त्र, तांदळाचा किंवा गव्हाचा चौक, कलश, टाक, भंडाऱ्याची वाटी. दिमडी, तुणतुणं, घोळ. आधी गण, मग सगळ्या ठाण्यांच्या देवांना आवतण. हे आवतण रेकॉर्ड करा. वाघ्या कोणत्या क्रमाने ठाणी घेतो, तुमच्या घराच्या वेळी कोणत्या ठाण्याचं नाव आधी घेतो, हा मूळ धाग्यातल्या प्रश्नाला फार उपयोगी पुरावा आहे. शेवटी लंगर (लोखंडी साखळी) तोडतात आणि आरती.

मुरळीबद्दल स्पष्ट लिहितो. मुलगी देवाला सोडून तिचं देवाशी लग्न लावणं हा गुन्हा आहे. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये कायदा झाला, महाराष्ट्राने २००५ मध्ये देवदासी प्रथा निर्मूलनाचा कायदा केला. लहान मुलींचं सगळं आयुष्य या प्रथेने हिरावून घेतलं, त्याला भक्तीचं नाव देऊ नये. आज जागरणाला येतात त्या मुरळ्या गाणाऱ्या कलावंत म्हणून. त्यांना मानाने बोलवा, ठरलेली बिदागी वाघ्याच्या हातात न देता त्यांच्या हातात द्या, रात्री परतायची सोय करा, आणि दारू प्यायलेला माणूस मांडवात बसू देऊ नका.

कऱ्हाकाठ

सगळ्यांचे आभार. तिथींचा उपयोग कसा करायचा ते जोडतो, कारण पहिला प्रश्न राहिला. पौषात खास विधी असेल तर पाल, नळदुर्ग, चंदनपुरी या ठाण्यांकडे आधी बघा, तिथल्या मुख्य यात्रा पौषातल्या. मार्गशीर्ष वद्यात जत्रेला जायची आठवण असेल तर माळेगाव. माघी पौर्णिमेचं महत्त्व असेल तर जेजुरी, त्यातही शिखरकाठ्यांशी (देवाच्या उंच मानाच्या काठ्यांशी) नातं असलेली घरं आणि किनाऱ्यावरचे कोळी. सोमवतीचा नेम असेल तर कऱ्हेच्या आसपासचा पट्टा. हे इशारे आहेत. एकट्या तिथीवर निकाल देऊ नये. तिथी, टाक आणि वाघ्याचं गाव या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला जात असतील तरच दप्तरात उतरा.

आणखी एक. बऱ्याच लहान ठाण्यांची कथा सारखी आहे. म्हातारा भक्त दरवर्षी जेजुरीची वारी करतो, पाय थकतात, देव म्हणतो मीच तुझ्या मागे येतो, मागे वळून पाहू नकोस. तो वळतो, देव तिथेच थांबतो. त्या जागी तांदळा (न घडवलेला दगड) किंवा लिंग. अशा ठाण्याची माणसं ‘आमचा देव जेजुरीचा’ म्हणतात आणि ते खरंही असतं, पण त्यांचं पहिलं दर्शन त्या वळणावरच्या तांदळ्याचं. जेजुरीला जाण्याआधी ते चुकवू नये.

सीनाकाठ

मूळ गावच धरणाखाली गेलं असेल तर? उजनी, कोयना, जायकवाडी या भागातल्या घरांना ठाणं कसं सापडणार?

दप्तरी

धरणात गेलेल्या गावांची कागदपत्रं उलट जास्त व्यवस्थित असतात, कारण संपादनासाठी घरटी मोजणी झालेली असते. जिल्हा पुनर्वसन कार्यालयात बुडीत गावांच्या याद्या आणि खातेदारनिहाय संपादनाची माहिती मागता येते. माहितीच्या अधिकारात अर्ज करताना गावाचं जुनं नाव, तालुका, धरणाचं नाव आणि खातेदाराचं पूर्ण नाव लिहा. तालुक्यांची फेररचना झालेली असते, म्हणून जुना तालुका लिहायला विसरू नका. घरांच्या मोबदल्याच्या यादीत देवळांचीही नोंद सापडते, आणि देऊळ नवीन गावठाणात कुठे बांधलं ते कळतं.

ठाणं बहुधा हललेलं असतं, हरवलेलं नसतं. नवीन गावठाणात गुरव किंवा पुजारी कोणत्या घरातला आहे ते विचारा. जुन्या गावातल्या पुजाऱ्याचाच वंश असेल तर त्याला तुमच्या घराचा मान कुठला होता हे ठाऊक असतं: पालखीचा खांदा, काठीचा मान, की दिवटीचं तेल. मान कळला की घराणं पक्कं झालं.

सीनाकाठ

जुना तालुका करमाळा, हे आत्ताच पाहिलं. आजवर अर्जात इंदापूर लिहिलं जात होतं. दुरुस्त करून पुन्हा टाकतो.